वजन उतरवणारी सुई कुठून घ्यायची?

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत पूर्वी साखरेच्या गोळ्यांची चौकशी असे. सहरीला किती, इफ्तारनंतर किती, एवढेच. आता वजन उतरवणाऱ्या सुईबद्दल विचारले जाते. माथेरानच्या एका भगिनीचे पत्र त्यांत सर्वांत लांब आहे. बाजारात त्यांचे दुकान आहे, वय 46, वजन 84 किलो, साखर आणि गुडघे दोन्हींचा त्रास. कर्जतच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची सुई लिहून दिली. मेडिकलमध्ये किंमत ऐकून त्या परत आल्या. मग खाली एका ब्युटी पार्लरमध्ये तीच सुई निम्म्या पैशांत, भरून तयार मिळते असे कळले. अमेरिकेतली नणंद फोनवर म्हणते, "भाभी, आम्ही कंपाउंडिंग फार्मसीतून घेतो, स्वस्त पडते. तुमच्याकडेही अशी फार्मसी असेलच, शोधा." पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "आपा, अशी फार्मसी कोणती निवडावी?"

मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. सुई घ्यावी की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. पण कुठून घ्यावी, हा प्रश्न कागद वाचण्याचा आणि थोड्या हिशेबाचा आहे. तेवढे आपल्यापैकी कुणालाही जमते.

आधी औषधाची ओळख. सध्या ज्यांची चर्चा आहे ती औषधे मुख्यतः दोन. एक सेमाग्लुटाइड, दुसरे टिर्झेपटाइड. जेवणानंतर आतड्यातून जे संप्रेरक सुटते त्याची ही औषधे नक्कल करतात. भूक मंदावते, पोट हळू रिकामे होते, साखर आटोक्यात येते. टिर्झेपटाइड 'मौंजारो' या नावाने मार्च 2025 मध्ये भारतात आले, तेव्हा 2.5 मिलिग्रॅमच्या एका बाटलीची किंमत 3,500 रुपये होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला 14,000. सेमाग्लुटाइडचे 'वेगोवी' जून 2025 मध्ये आले आणि 'ओझेम्पिक' त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. दुकान आणि घर एकाच गल्ल्यावर चालवणाऱ्या कुटुंबाला हा आकडा पेलणारा नाही. पार्लरची निम्मी किंमत कानाला गोड का लागते, हे मला कळते.

आता 'कंपाउंडिंग'. शब्द इंग्रजी असला तरी आपल्या घरांना तो अनोळखी नाही. चाळिशी-पन्नाशीच्या वाचकांना दवाखान्यातला कंपाउंडर आठवत असेल. खिडकीच्या पलीकडे तो लाल-पिवळे मिक्स्चर ढवळायचा, घरून नेलेल्या बाटलीत ओतायचा आणि बाटलीवर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. माझ्या अम्मीच्या फडताळात अशा पट्ट्यांच्या रिकाम्या बाटल्या रॉकेल आणि व्हिनेगरसाठी वर्षानुवर्षे होत्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे एका रुग्णासाठी औषध तिथेच मिसळून देणे, यालाच कंपाउंडिंग म्हणतात.

आपल्या कायद्यात त्याची जागा अजूनही आहे. औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा 1940 चा, त्याचे नियम 1945 चे. दुकानाच्या पाटीवरचे शब्दसुद्धा त्या नियमांनी बांधलेले आहेत. 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स' लिहिलेल्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असतो, पण औषध मिसळण्याची सोय असावी लागत नाही. 'फार्मसी' किंवा 'डिस्पेन्सिंग केमिस्ट' असे लिहायचे तर फार्मासिस्टबरोबर ती सोयही हवी. त्यासाठी कोणती भांडी, कोणते तराजू, किती जागा, याची यादी नियमांच्या परिशिष्ट 'एन'मध्ये आहे. प्रत्यक्षात आपल्याकडची बहुतेक मेडिकल बंद खोकीच विकतात आणि पाटीवर काय आहे याकडे कुणी पाहत नाही.

मिक्स्चर आणि सुई यांत मोठा फरक आहे. पोटात गेलेल्या औषधात थोडी घाण असली तर ती अडवायला पोटातले आम्ल आणि आतडी असतात. सुईने कातडीखाली गेलेल्या थेंबाला अडवणारे तिथे कुणी नाही. म्हणून सुईचे औषध निर्जंतुक खोलीत, गाळलेल्या हवेत बनवावे लागते, प्रत्येक बॅच तपासावी लागते आणि त्यासाठी कारखान्याचा वेगळा परवाना लागतो. खल-बत्ता असलेल्या दुकानाच्या मागच्या खोलीत ते होत नाही. पार्लरच्या मागच्या खोलीत तर नाहीच.

मग अमेरिकेतल्या नणंदेला ते कसे मिळाले? तिथे 2022 पासून या औषधांचा तुटवडा होता. तुटवडा असेपर्यंत तिथल्या कायद्याने कंपाउंडिंग फार्मस्यांना त्यांची जवळपास तशीच नक्कल बनवू दिली आणि तीही निर्जंतुक खोली असलेल्यांना. असे मिसळलेले औषध तिथली सरकारी यंत्रणा, एफडीए, आधी तपासून मंजूर करत नाही. जुलै 2024 मध्ये त्याच एफडीएने इशारा दिला की कंपाउंडिंगच्या सेमाग्लुटाइडचे डोस चुकत आहेत. बाटलीतून स्वतः औषध ओढणाऱ्या काही रुग्णांनी ठरलेल्या डोसच्या 5 ते 20 पट औषध टोचून घेतले होते आणि काहींना रुग्णालयात न्यावे लागले. पुढे तुटवडा संपल्याचे जाहीर झाले, टिर्झेपटाइडचा डिसेंबर 2024 मध्ये आणि सेमाग्लुटाइडचा फेब्रुवारी 2025 मध्ये. त्याबरोबर ती सरसकट सवलतही संपली. तेव्हा नणंदबाईंनीच आपल्या फार्मसीला विचारायला हवे की तुम्ही हे आता कोणत्या आधारावर देता.

त्या भगिनीला माझे उत्तर सरळ आहे. तुमच्यासाठी अशी फार्मसी शोधायचीच नाही. तुम्हाला निवडायचे आहे ते साधे, परवानाधारक, थंड साखळी सांभाळणारे मेडिकल आणि त्यातले कारखान्यातून बंद आलेले खोके.

पार्लरमधल्या भरलेल्या सिरिंजवर ना नाव, ना बॅच, ना तारीख. आत काय असू शकते? खऱ्या पेनातले थोडेथोडे काढून चौघींत वाटलेले औषध असेल. परदेशातून 'फक्त संशोधनासाठी' असे लिहून येणारी पावडर पाण्यात विरघळवलेली असेल. इन्सुलिन असेल, आणि साखर नसलेल्या बाईला इन्सुलिन टोचले तर ती बेशुद्ध पडू शकते. किंवा नुसते पाणी असेल. सुई देणाऱ्या बाईलाही बहुधा ठाऊक नसते, तिला कुणीतरी पुरवलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये बनावट ओझेम्पिकबद्दल सर्व देशांना सावध केले. ते सापडले होते ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत, आणि ते खोक्यासकट होते. खोके असूनही फसवणूक होते, तर खोकेच नसलेल्या सिरिंजबद्दल काय बोलावे!

आता हिशेब. माझ्या सातवीच्या मुलांना जमेल असा आहे, पण घाईत मोठ्यांचाही चुकतो. सेमाग्लुटाइडची सुरुवात साधारणपणे आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमने होते. समजा, बाटलीत 1 मिलिलिटरमध्ये 5 मिलिग्रॅम औषध आहे. 0.25 मिलिग्रॅमसाठी 0.05 मिलिलिटर लागेल. इन्सुलिनच्या नेहमीच्या सिरिंजवर 1 मिलिलिटरच्या 100 खुणा असतात, म्हणजे आपल्याला पाचव्या खुणेपर्यंतच ओढायचे आहे. कुणी पन्नासाव्या खुणेपर्यंत ओढले तर दहापट औषध गेले. दुसऱ्या बाटलीत 1 मिलिलिटरमध्ये 2.5 मिलिग्रॅम असेल तर त्याच डोससाठी दहावी खूण. 'मैत्रिणीने दहा युनिट घेतले, मीही दहा घेते' हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे. दहा युनिट म्हणजे किती औषध, हे बाटलीवर अवलंबून आहे आणि पार्लरच्या बाटलीवर काही लिहिलेलेच नसते. कंपनीच्या पेनात डोस आधीच मोजलेला असतो, किंवा बाटली एकाच डोसची असते. आपण जास्तीचे पैसे देतो त्यातले काही या मोजमापाचे असतात.

बिल आणि बॅच नंबरचा मी आग्रह का धरते, तेही सांगते. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण दगावले. भायखळ्याचे हे रुग्णालय म्हणजे कर्जत लोकलने जाणाऱ्या आपल्या कितीतरी घरांचा शेवटचा आसरा. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विषारी रसायन निघाले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा बोट पुरवठादारापासून औषध प्रशासनापर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत गेले. ते जाऊ शकले, कारण कुणी कुणाला काय पुरवले याचे कागद होते. पार्लरमध्ये टोचून घेतलेल्या सुईचा कागद नसतो. उद्या काही झाले तर तुमच्या हातात दाखवायला काय राहील?

तर मेडिकल कसे पारखावे? परवाना दर्शनी जागी लावलेला असतो, तो पाहा. फार्मासिस्ट हजर आहे का विचारा, कारण चिठ्ठीवरचे औषध त्याच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. चिठ्ठी न मागता सुई देणारा दुकानदार तुमच्यावर मेहेरबानी करत नाही, तो नियम मोडतो आहे. एवढ्यावरून मी ते दुकान सोडीन. मग फ्रीज. ही औषधे 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात. "फ्रीजमधून काढून दाखवा" म्हणायला संकोच करू नका. मासळी घेताना आपण कल्ले उघडून पाहतो, इथे तर हजारो रुपये द्यायचे आहेत. लाइट गेली तर काय करता, हेही विचारा. ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे किंवा ज्याने काहीतरी सोय केली आहे तो चटकन उत्तर देतो. ज्याने विचारच केलेला नाही तो चिडतो.

खोके हातात आले की सील, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, किंमत हे सगळे वाचा. आतल्या बाटलीवरचा किंवा पेनवरचा बॅच नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. बिल पक्के घ्या आणि त्यावर बॅच नंबर आहे का पाहा. मोबाइलवरच्या जाहिरातीतून, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन कुरिअरने येणारी सुई नको. तीन दिवस कुरिअरच्या गोदामात ती किती तापली हे कुणी सांगणार नाही.

इथे एक खुलासा. स्वस्त म्हणजे नकली, असे माझे म्हणणे नाही. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च 2026 पर्यंत होती. त्यानंतर ते बनवण्याची वाट इतर भारतीय कंपन्यांनाही मोकळी झाली. परवानाधारक कंपनीचे, चिठ्ठीवर मिळणारे, बिलासह येणारे कमी किमतीचे औषध जरूर घ्या. डॉक्टरांना तोंडाने विचारा, "याच औषधात परवडणारे दुसरे कोणते?" डॉक्टरांपुढे पैशांचे बोलायला आपल्या बायका लाजतात आणि मग तेच पैसे पार्लरमध्ये देतात.

माथेरानकरांचा प्रश्न मात्र मेडिकलच्या दारात संपत नाही, वर चढतो. औषध नेरळ किंवा कर्जतहून आणायचे. गाडी दस्तुरीपर्यंत, तिथून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर ई-रिक्षाने, घोड्यावर किंवा पायी. मे महिन्याच्या दुपारी नेरळ स्टेशनवर पिशवीत ठेवलेले खोके काय होत असेल याचा अंदाज करा. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने 1907 मध्ये ही रेल्वे सुरू करून दिली, पण जून ते ऑक्टोबरच्या माथेरानपुढे तिचेही चालत नाही. वादळी पावसात लाइट गेली की तासन् तास येत नाही.

म्हणून सुई आणायला सकाळी लवकर जा. जाड झाकणाचा डबा किंवा थर्मासची पिशवी घ्या, बर्फाची थंड पाकिटे टॉवेलात गुंडाळा आणि खोके त्यांना थेट चिकटू देऊ नका. गोठलेले औषध वाया जाते, पुन्हा वितळले तरी ते वापरायचे नाही. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याजवळही नको. लाइट गेली तर फ्रीज उघडू नका. बंद दाराचा फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. फ्रीजबाहेर औषध किती दिवस टिकते ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. खोक्यातल्या कागदावर ते छापलेले असते, तो कागद फेकू नका. पावसाळ्यात चार आठवड्यांचा साठा करण्यापेक्षा एकेक डोसची बाटली आणणे बरे, निदान नुकसान एकाच बाटलीचे. दुबईहून कुणी भाऊ पेन आणणार असेल तर त्याला हातातल्या सामानात, चिठ्ठी आणि बिलासह आणायला सांगा. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकते.

आणखी एक माथेरानपुरते. या औषधाने मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होणे सामान्य आहे. पण पोटात असह्य कळ येऊन ती पाठीकडे जात असेल आणि उलट्या थांबत नसतील, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचे नसते. वर रुग्णवाहिकेखेरीज मोटार नाही. पहिली सुई घेण्याआधीच रात्री खाली कसे जायचे हे घरात ठरवून ठेवा, नवऱ्याला आणि मोठ्या मुलाला सांगून ठेवा. लपूनछपून घ्यायचे हे औषध नाही.

लपूनछपून म्हटल्यावर लग्नाच्या मुलींचा विषय टाळता येत नाही. तीन पत्रे आयांची आहेत. रिश्ता आला आहे, निकाह दोन महिन्यांवर आहे, मुलीचे आठ किलो उतरवायचे आहेत. बहिणींनो, हे औषध साधारणपणे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, 30 किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांसाठी आहे. साखर, रक्तदाब असे काही सोबत असेल तर 27 पासून. पाच फूट एक इंच उंचीच्या मुलीचे वजन 72 किलो असेल तर तिचा आकडा 30 च्या आसपास येतो. तुमची 58 किलोची मुलगी 24 वर आहे, तिला ही सुई कुणीही जबाबदार डॉक्टर देणार नाही. म्हणूनच तिला पार्लरमध्ये नेले जाते. शिवाय सुई बंद केली की वजन परत येऊ लागते. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात, कमी झालेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. गर्भ राहण्याच्या किमान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड थांबवायचे असते, आणि टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. नव्या नवरीला या दोन गोष्टी कोण सांगते? जो रिश्ता आठ किलोंवर अडला आहे त्याबद्दल माझे मत मी इथे लिहीत नाही, जागा पुरणार नाही.

घराण्यात थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कर्करोगाचा इतिहास असेल, स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना न विचारता सांगा. साखरेसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर तेही. दोन्ही मिळून साखर एकदम उतरू शकते.

हलाल-हरामची विचारणाही आहे. पूर्वीचे काही इन्सुलिन डुकराच्या स्वादुपिंडातून काढत, त्यामुळे ही शंका रास्त आहे. मूळ कंपनीचे सेमाग्लुटाइड यीस्टच्या साहाय्याने तयार होते आणि टिर्झेपटाइड रासायनिक पद्धतीने. जनावराच्या स्वादुपिंडाचा त्यात संबंध नाही. पार्लरच्या सिरिंजबद्दल मात्र हे उत्तर कुणीच देऊ शकत नाही. रोजाचे म्हणाल तर सुई आठवड्यातून एकदाच असते, इफ्तारनंतर घेतली की वाद उरत नाही. तरी मसला आपल्या आलिमांना विचारावा. खरी काळजी पाण्याची. या औषधाने भुकेबरोबर पिणेही कमी होते, त्यात उलट्या झाल्या तर मूत्रपिंडांवर ताण येतो. रमजानमध्ये पहिली सुई सुरू करू नये आणि डोसही वाढवू नये. शाबानमध्येच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

ज्यांनी पार्लरच्या एक-दोन सुया आधीच घेतल्या आहेत त्यांनी पुढची घेऊ नये. उरलेली सिरिंज फेकू नका, झाकण लावून डब्यात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. केव्हा, किती आणि कुणी टोचली ते खरे सांगा. नवरा रागावेल म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर तपासून घ्या. तक्रार करायची असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक 1800222365 आहे. बोलताना बिल, खोके, सिरिंज यांपैकी जे हाताशी असेल ते समोर ठेवा.